सायकलीचा एक गुण

इमारतीलाही गुण मिळतात, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीला सांगितली असती तर तिने ती थट्टेवारी नेली असती. गुण माणसाच्या अंगी असावेत, फार तर औषधाला यावा. विटांना आणि सिमेंटला कसले गुण? परंतु आता तसे राहिलेले नाही. अमेरिकेत १९९३ साली हरित इमारत परिषद स्थापन झाली आणि तिने ‘लीड’ नावाची जी मोजपट्टी सिद्ध केली, तिच्या आजच्या रूपात इमारतीची परीक्षा ११० गुणांची असते. चाळीस गुण मिळाले की इमारत उत्तीर्ण, पन्नासला रौप्य, साठला सुवर्ण आणि ऐंशीला प्लॅटिनम. आपल्या देशात २००१ साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल निघाली. तिचे ठाणे असलेल्या हैदराबादच्या वास्तूचे उद्घाटन २००४ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. २००७ पासून ‘गृह’ ही देशी मोजपट्टीही वापरात आहे. पावसाचे पाणी किती मुरवले, वीज किती वाचवली, लाकूड कोठून आणले, अशा लांबलचक यादीत ‘लीड’मध्ये एक कलम सायकलीचे आहे. सायकली ठेवण्याची सोय केली की एक गुण.

या एका गुणाविषयी आम्हांला काही म्हणावयाचे आहे. धर्मगुरूने असल्या विषयात लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर असे की, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला या विषयापासून दूर राहणे आता शक्य नाही. मुंबईहून शंभर किलोमीटरवर कर्जत स्थानक आणि तेथून खोपोलीकडे जाणारा पंधरा किलोमीटरचा फाटा, या पट्ट्यात ज्या शेतांत भात लावला जाई तेथे आता फलक लागले आहेत. फलकावर डोंगर असतो, धबधबा असतो, ‘हरित’ हा शब्द असतो, आणि पुष्कळदा हेल्मेट घालून सायकल चालवणारे एक हसतमुख कुटुंबही असते. घरे घेणारे लोक मुंबई-ठाण्याचे, वसईचेही. आमच्या वाचकांपैकी काहींनी येथे घर घेतले आहे, हे आम्हांला ठाऊक आहे, कारण त्यांच्या घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्हीच गेलो आहोत.

दुसरे उत्तर असे की, या एका गुणाच्या आड एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. सत्कृत्य कशामुळे सत्कृत्य ठरते? ते केले गेले म्हणून, मोजले गेले म्हणून, की ते कोणाच्या तरी उपयोगी पडले म्हणून?

प्रारंभीच एक गैरसमज बाजूला सारू. गुण मिळवण्यासाठी सायकल स्टँड बांधला, तेव्हा तो ढोंगीपणा झाला, असा सोपा निकाल आम्ही देणार नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवताना संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे आम्हांला कृतीची तीन अंगे सांगितली जात: कृतीचा विषय, कर्त्याचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती. हेतू पूर्ण शुद्ध नाही म्हणून चांगल्या कृतीतले चांगले सारेच नाहीसे होत नाही. एखाद्या शेटजीने स्वतःचे नाव व्हावे म्हणून पाणपोई बांधली, तरी वैशाखात वाटसरूची तहान भागते, आणि त्या पाण्याला शेटजींच्या अहंकाराची चव नसते. जगातली निम्मी धर्मादाय कामे मिश्र हेतूंनी झालेली आहेत. ती वगळली तर शाळा, दवाखाने आणि देवळे थोडीच उरतील. पण पाणपोईवर नावाची पाटी आहे, रांजण आहे, फुलपात्र साखळीने बांधलेले आहे, आणि रांजणात पाणीच नाही, असे असेल तर? किंवा पाणी आहे, पण पाणपोई कुंपणाच्या आत आहे आणि वाटसरू बाहेर, असे असेल तर? अशा वेळी हेतूची चर्चा व्यर्थ होय. ‘सोय’ हा शब्दच असा आहे की ‘कोणाची?’ असे विचारल्यावाचून तो पुरा होत नाही.

नियम करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी काय म्हटले आहे तेही सांगितले पाहिजे. ‘लीड’च्या २००९ सालच्या आवृत्तीत कार्यालयाच्या इमारतीसाठी अट अशी होती की, इमारत वापरणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांच्या सायकली सुरक्षित राहतील अशी जागा दारापासून दोनशे यार्डांच्या आत असावी, आणि अर्धा टक्का लोकांसाठी आंघोळीची व कपडे बदलण्याची व्यवस्था असावी. राहत्या इमारतीत १५ टक्के रहिवाशांपुरती छप्पर असलेली जागा पुरे. यात रस्त्याचा उल्लेखच नव्हता! सायकल जिन्याखालून निघून कोठे जाणार, हे कोणी विचारले नव्हते. ही उणीव परीक्षकांच्याच ध्यानी आली असावी. कारण २०१३ सालच्या आवृत्तीत अट बदलली. इमारतीचे दार सायकलीला योग्य अशा रस्त्यांच्या जाळ्यापासून १८० मीटरच्या आत असावे, आणि त्या जाळ्याने पावणेपाच किलोमीटरच्या आसपास दुकाने, शाळा, कामाची ठिकाणे किंवा रेल्वे स्थानक गाठता यावे, असे आता मागितले जाते. आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. इमारतीत ‘नेहमी वावरणारे’ कोण, याची जी व्याख्या तेथे दिली आहे तिच्यात रहिवाशांबरोबर नोकरचाकरही येतात. म्हणजे परीक्षकाने दारावरच्या माणसाला वगळलेले नाही. त्याला वगळले असेल तर ते आपण.

हे आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मागे एका वसाहतीत घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. वसाहतीचे नाव सांगण्याचे कारण नाही; अशा अनेक आहेत. तळमजल्याच्या स्टिल्टमध्ये ‘सायकलींसाठी राखीव’ अशी हिरवी पाटी, तिच्याखाली स्टीलच्या कमानींची चकचकीत रांग. त्या रांगेत मुलांच्या दोन गिअरच्या सायकली धूळ खात होत्या, एक मोडका पाळणा होता आणि पाण्याचे रिकामे जार होते. बाहेर पडताना फाटकाच्या पलीकडे करंजाच्या झाडाला साखळीने बांधलेल्या पाच-सहा सायकली दिसल्या. जुन्या, मडगार्ड गंजलेल्या, एकीच्या सीटवर पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी. पहारेकऱ्याला आम्ही विचारले, “दादा, आत एवढी जागा आहे, मग सायकली बाहेर का?” तो म्हणाला, “आतली जागा मेंबरांची हाय, फादर. आमची सायकल तिथं दिसली का सायेब बोलतात.” तो डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतून रोज सहा-सात किलोमीटर येतो आणि बारा तासांची पाळी करून परत जातो. बागेतले दोघे, झाडलोट करणारा एक, हे सारे तसेच येतात. घरकामाच्या बाया बहुधा चालत येतात, नाहीतर चार जणी मिळून मिनीडोअरने.

म्हणजे वसाहतीत सायकलने येणारे लोक आहेत. कोणा जाहिरातीवाचून, कोणा प्रोत्साहनावाचून, आषाढातल्या पावसातसुद्धा. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात शेती आणि घरगुती उद्योग सोडून अन्य कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. मोटारीने जाणारे त्या मानाने फारच थोडे. सायकलीचा गुण ज्यांच्यामुळे सार्थ ठरला असता त्यांची सायकल झाडाला, आणि ज्यांची मोटार मुंबईहून द्रुतगती महामार्गाने धावत आली त्यांच्या नावावर गुण!

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्या एका सुशिक्षित मित्राने म्हटलेही, की पहारेकऱ्याच्या सायकलीत पुण्य ते काय? परवडत नाही म्हणून तो सायकल चालवतो. उद्या हप्त्याने मोटारसायकल मिळाली तर तो सायकल भंगारात घालील. पर्यावरणाचा विचार त्याच्या स्वप्नातही नाही. जो मोटार परवडत असूनही सायकलवर बसतो, नैतिक श्रेय त्याचे.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. निवड नसेल तेथे सद्गुण नसतो, हे आम्हीही शिकलो आहोत. असिसीच्या संत फ्रान्सिसने कापडाच्या व्यापाऱ्याचे घर सोडून दारिद्र्य पत्करले, म्हणून चर्च त्याला संत म्हणते; त्याच गावच्या वेशीवर बसलेल्या भिकाऱ्याला तसे म्हणत नाही. भेद खरा आहे. परंतु फ्रान्सिसच्या दारिद्र्याचा गौरव करताना भिकाऱ्याला दारातून हाकलले, तर फ्रान्सिसला काय वाटले असते याची कल्पना कोणालाही करता येईल. आमच्या मित्राच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती. श्रेय कोणाचे, हा एक प्रश्न. देणे कोणाचे, हा दुसरा. पहारेकऱ्याला श्रेय नको आहे, त्याने ते मागितलेलेही नाही. त्याला सावली हवी आहे, साखळी अडकवण्यापुरती कमान हवी आहे, घामाने चिंब होऊन आल्यावर तोंड धुण्यास नळ हवा आहे. घामाचेच पाहा ना. परदेशी नियमात आंघोळीची सोय घातली ती सायकलवरून येणाऱ्याला घाम येतो म्हणून. आपल्याकडे व्यायामाचा घाम प्रतिष्ठित झाला. त्याच्यासाठी व्यायामशाळेला लागून काचेचे न्हाणीघर असते. कामाच्या घामाला मात्र बागेचा पाइप.

आणि हे देणे केवळ दयेपोटी नाही, यावर आमचा भर आहे. डिसेंबर २०२० पासून महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित प्रमाणपत्र मिळवणाऱ्या इमारतीला जादा बांधकामाची सवलत आहे. दर्जानुसार मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के. म्हणजे गुण ही निव्वळ शोभेची वस्तू राहिली नाही. तिला बाजारभाव आला. जादा चटईक्षेत्र हे काही आकाशातून पडत नाही. त्या जादा घरांना लागणारे पाणी, त्यांचे सांडपाणी, त्यांच्या मोटारी, या साऱ्याचा भार त्याच गावाच्या विहिरींवर, ओढ्यांवर आणि अरुंद रस्त्यावर पडतो. शासनाने समाजाच्या वतीने दिलेली ही बक्षिसी आहे. तिची किंमत समाज मोजतो, आणि त्या समाजात वाडीवरचा पहारेकरी येतो. ज्या सोयीच्या नावावर, इतर अनेक बाबींबरोबर, ही बक्षिसी घेतली गेली, त्या सोयीवर त्याचा हक्क पोहोचतो. तो तिचा उपयोग करू लागला तर उपकार कोणी कोणावर केलेला नसतो.

आमच्या तालुक्यातच याहून मोठे उदाहरण आहे. माथेरानमध्ये मोटारींना मनाई आहे आणि तेथील स्वच्छ हवेचे कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला, तेही योग्यच झाले. पण मोटार नाही तर माणसे चढ चढून जात कशी? घोड्यावरून, आणि ज्यांना घोडा नको त्यांना हातरिक्षातून दुसरी माणसे ओढून नेत. मोटारीचा धूर वाचला तो त्यांच्या छातीच्या बळावर. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. इतकी वर्षे आपण माथेरानच्या हवेची प्रशंसा केली आणि हातरिक्षा ओढणाऱ्याचा श्वास त्या हिशेबात धरला नाही. निसर्गाची काळजी आणि माणसाची काळजी परस्परांपासून तोडली की असेच होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात हेच सांगितले आहे. त्या विश्वपत्राचे नावच असिसीकराच्या सृष्टिगीतातून घेतलेले. धरित्रीचा आक्रोश आणि दीनांचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे, हे त्यातले सूत्र पुष्कळांनी उद्धृत केले. पण पंचेचाळिसाव्या परिच्छेदाकडे फारसे कोणी वळत नाही. तेथे पोप महोदयांनी अशा पर्यावरणस्नेही वसाहतींचाच उल्लेख केला आहे की ज्या बाहेरच्यांना बंद ठेवून आतल्यांसाठी एक कृत्रिम शांतता निर्माण करतात. तो परिच्छेद आम्ही प्रथम वाचला तेव्हा तो दक्षिण अमेरिकेतल्या कोण्या शहराविषयी असावा असे वाटले होते. आता खालापूरच्या रस्त्याने जाताना तो आठवतो.

गुणांच्या हिशेबाचा अनुभव आम्हा कॅथलिकांना नवा नाही, हेही येथे नम्रपणे नमूद केले पाहिजे. पापाच्या ऐहिक शिक्षेची माफी, जिला इंडल्जन्स म्हणतात, ती सोळाव्या शतकात जर्मनीत पैशाच्या मोबदल्यात दिली जाऊ लागली. त्या पैशातून रोमची सेंट पीटर बासिलिका उभी राहत होती. हेतू काही वाईट नव्हता! १५१७ साली मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने गैरप्रकारांना पायबंद घातला, १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या माफ्या रद्द केल्या. तरीही मोजणी उरलीच. अमुक प्रार्थनेला तीनशे दिवस, तमुक भक्तीला सात वर्षे, असे आकडे आमच्या आजीच्या प्रार्थनापुस्तकात छापलेले होते, आणि म्हातारी त्यांची बेरीज करीत असे. अखेर १ जानेवारी १९६७ रोजी पोप पॉल सहावे यांनी दिवस आणि वर्षे मोजणे बंद केले. चर्चने शिकवण सोडली नाही, आकडेमोड सोडली. कारण माप हे मदतीला म्हणून घरात येते आणि हळूहळू घरधनी होऊन बसते. हरित प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना आम्ही दोष देत नाही. मापावाचून सुधारणेला आरंभ होत नाही, हे खरे. पण जे चर्चला उमगण्यास चारशे वर्षे लागली, ते त्यांना लवकर उमगावे अशी इच्छा करण्यास हरकत नसावी. २०१३ चा बदल पाहता त्यांची चाल आमच्यापेक्षा बरी दिसते.

व्यवहारी माणसाचा आणखी एक आक्षेप उरतो. कर्जत म्हणजे हॉलंड नव्हे. येथे चार महिने कोसळणारा पाऊस, चढउताराचे रस्ते, आणि शनिवार-रविवारपुरते येणारे रहिवासी. त्यांनी सायकलने यावे, ही अपेक्षाच हास्यास्पद. हे आम्हांला मान्य आहे, पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्याला आवडणार नाही. ज्या घराचा मालक आठवड्यातून दोन दिवस राहण्यासाठी साठ-सत्तर किलोमीटर मोटारीने येतो आणि उरलेले पाच दिवस ते घर कुलूपबंद असते, त्या घराच्या जिन्याखालचा सायकल स्टँड कोणत्या पापाचे क्षालन करतो? पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश काटेकोरपणे देणाऱ्या आणि न्याय व दया विसरणाऱ्या परूश्यांविषयी प्रभू येशूने काय म्हटले ते संत मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात आहे. ते येथे उतरवून काढण्याची गरज नाही. दशांश देऊ नका, असे मात्र प्रभूने म्हटलेले नाही. स्टँड असू द्या; फक्त तो जो सायकल चालवतो त्याच्याकडे वळवा.

रस्त्याचे काय, हा प्रश्न अधिक कठीण आहे. खालापूर तालुक्याच्या मधून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ पासून पुरा वाहता झाला. त्यावर सायकलीला प्रवेश नाही, आणि नसावा हेच बरे. तेथे सायकलस्वार जिवंत राहणार नाही. पण मग सायकलीला उरतो तो जुना रस्ता, ट्रक आणि डंपर यांच्या सोबतीने, बाजूपट्टी खचलेला. पुण्यासारख्या, एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगराने २०१७ साली सायकलींचा स्वतंत्र आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीत सायकली आणल्या, मार्ग आखले. त्या सायकली बघता बघता दिसेनाशा झाल्या आणि मार्गांवर मोटारसायकली उभ्या राहिल्या. जे महापालिकेला जमले नाही ते एका गृहनिर्माण सोसायटीने करावे, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या हाती फाटकाच्या आतली जागा आहे. तेवढीच.

म्हणून आम्ही त्या वसाहतीच्या कमिटीवर असलेल्या, आमच्याच धर्मग्रामातील एका सद्गृहस्थांकडे गेलो आणि तीन गोष्टी सुचवल्या. स्टँडमधल्या दहा कमानी कामगारांसाठी खुल्या कराव्यात आणि तसे पाटीवर लिहावे. पहाऱ्याच्या चौकीमागे एक नळ आणि कपडे बदलण्यापुरता आडोसा करावा. आणि सोसायटीने ग्रामपंचायतीला पत्र लिहून फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतची बाजूपट्टी भरून मागावी. खर्च म्हणाल तर एका फ्लॅटच्या स्वयंपाकघराच्या ओट्याइतकाही नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “फादर, मला पटते. पण दर्शनी भागात जुन्या सायकली दिसल्या तर फ्लॅटचा भाव पडतो, असे काही मेंबरांचे म्हणणे आहे. सभेत ठेवतो.” त्यांनी शब्द पाळला. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेची प्रत त्यांनी आम्हांला दाखवली. विषय नवव्या क्रमांकावर आहे. आठवा विषय पोहण्याच्या तलावाची फरशी बदलण्याचा असून त्यावर बराच वेळ जाईल, असे ते म्हणाले.